शेवटच्या बाकावरचे सर

साऱ्या जगातले शिक्षक मुलांना गप्प बसवण्याचा पगार घेतात. आमच्या सरांनी तो आम्हाला बोलतं करण्यासाठी घेतला आणि त्यापायी आम्हाला अक्षरशः रडवलं. समाजकार्याच्या अभ्यासक्रमात लेखन आणि संभाषण हा त्यांचा विषय. सगळ्यात सोपा तोच, अशा समजुतीने मी पेडण्याहून दोन बस बदलून कॉलेजात यायचे. सर फळ्याकडे फिरकतच नसत. शेवटच्या बाकावर आमच्याकडे पाठ करून बसायचे आणि बोलणाऱ्याचा आवाज जरा खाली आला, की हात कानामागे नेऊन म्हणायचे, “आयकूंक येना.” मला तर स्वतःचं नाव सांगतानाच हे चारदा ऐकावं लागलं. एकदा त्यांनी मला डिचोलीच्या बसस्टँडवर, पणजी-पणजी ओरडणाऱ्या कंडक्टरांमध्ये उभं केलं आणि विधवांच्या पेन्शनचा फॉर्म कसा भरायचा ते सांगायला लावलं. स्वतः रस्त्यापलीकडे केळीवालीजवळ. माझं सांगून झालं तेव्हा केळीवालीने फॉर्म कुठे मिळतो ते विचारलं. सरांनी मात्र कान दाखवला.

लिखाणाचं तर विचारूच नका. अहवालात कुणी ‘लाभार्थी’ लिहिलं, की सर शांतपणे विचारत, “बारशाला हेच नाव ठेवलेलं?” आणि ज्याच्यावर अहवाल लिहिला, त्याच्या घरी जाऊन तो त्यालाच वाचून दाखवायचा, हा त्यांचा नियम.

माझ्या वाट्याला साखळीजवळच्या गावातली शेवंतीआजी आली. एकटीच राहायची. फोंड्याचा पुतण्या तिला वृद्धाश्रमात ठेवायला निघाला होता आणि तिला घर सोडायचं नव्हतं. काय करायचं ते गावच्या बैठकीत माझ्या अहवालावरून ठरणार होतं. मी तीन पानं लिहिली. निराधार, असहाय, उपेक्षित. एकही करुण शब्द शिल्लक ठेवला नाही. सरांसोबत आजीच्या सोप्यावर बसून ते वाचलं. आजी मन लावून ऐकत होती. शेवटी डोळ्यांना पदर लावून त्या बाईला आपल्याकडे जेवायला घेऊन यायला सांगू लागली, “बापडी! खंय रावता गो ती? तिका हांगा हाड, चार दीस पेज जेवंदी.”

सर हसले नाहीत. परतताना बसमध्ये एवढंच म्हणाले, “आता हिच्याबद्दल लिही.”

मी पुन्हा तीन दिवस गेले. आजी परसात तांबडी भाजी पिकवते, गावातल्या बाळंतिणींना तेल लावायला अजून तीच जाते, गुडघ्यांमुळे विहिरीचं पाणी तेवढं ओढवत नाही, असं पानभर लिहून वाचलं. “ही हांव,” आजी स्वतःच्या छातीवर बोट ठेवून म्हणाली. मग पुतण्यासमोर, बैठकीत वाचायची वेळ आली. सर मागच्या खुर्चीवर, पाठ करून. मी घाबरले होते, पण त्या दिवशी त्यांचा हात कानाकडे गेला नाही. पाणी भरायचं शेजारणींनी वाटून घेतलं आणि आजी घरीच राहिली.

सर आता निवृत्त होऊन डिचोलीला असतात. नियम म्हणजे नियम, म्हणून वरचं सगळं घेऊन मी रविवारी त्यांच्याकडे गेले. चहाबरोबर उंडो-पाव खाऊन झाल्यावर वाचायला लागले. दुसऱ्याच ओळीला सरांचा हात कानामागे गेला. “आयकूंक येना.” मी हसून आवाज चढवला. पुन्हा तेच. तेव्हा त्यांच्या पत्नी हळूच म्हणाल्या, “आता खरंच येत नाही गो त्यांना.”

मी खुर्ची त्यांच्या जवळ ओढली आणि बसस्टँडवरच्या आवाजात पहिल्या ओळीपासून वाचलं. शेजारची माणसं खिडकीत आली. वाचून झालं.

“हो हांवच,” ते म्हणाले. स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यामुळे फार मोठ्याने म्हणाले.