‘मी सुटले’
दोघी सख्ख्या जावा. राहायला एका घरात, आणि नशीब असं की नोकरीलाही एकाच संशोधन केंद्रात. कपडे शिवणाऱ्या कारखान्यांत नवी यंत्रं आली की बायांच्या कामाचं काय होतं, हा दोघींचा अभ्यास.

थोरलीची पद्धत जुनी नि दमाची. बाईसमोर बसायचं, बोलणं हातानं उतरवायचं, मग वर्षानुवर्षं घोळवायचं. तिचं पुस्तक छापून आलं तेव्हा त्यातलं कापड कापायचं यंत्र भंगारात गंजत पडलं होतं. तान्ह्या पोराच्या मापाचा सदरा बाप्याच्या अंगात कोंबावा, तशी गत.

धाकटी बोलणं फोनवर टिपायची, संगणक लिहून काढायचा, महिन्याच्या महिन्याला निष्कर्ष बाहेर. केंद्राचे सर चारचौघांत तिची पाठ थोपटायचे. घरी थोरली भांडी आपटायची. सासू म्हणायची, “भांड्यांनी काय घोडं मारलंय तुझं?”

आता मोठा अभ्यास सुरू व्हायचा होता. प्रमुख दोघींपैकी एकच होणार. थोरलीनं धाकटीचा अहवाल डोक्यातल्या उवा शोधाव्यात तसा चाळला, आणि चूक सापडली! एक बाई म्हणाली होती, “नवं मशीन आलं नि मी सुटले.” संगणकानं ते वाक्य ‘समाधान’ या खणात टाकलेलं. थोरली त्या बाईला ओळखत होती. बिचारीची नोकरीच गेली होती. घरी दोघी जावा रोज एकाच ओट्यापाशी उभ्या, पण थोरलीनं ब्र काढला नाही. बार उडवला तो सरांसमोर, भर बैठकीत.

“कामावरून काढलेल्या बाईला हिनं सुखी करून टाकलंय, सर!”

“खरंय वहिनी,” धाकटी म्हणाली. “मागच्या आठवड्यात त्या बायांना निष्कर्ष वाचून दाखवायला गेले, तर ती हसलीच. ‘सुटले कसली, हाकललं मला,’ म्हणाली. सुधारून सगळ्यांना पाठवलंय. तुम्ही जुनी प्रत वाचलीत.”

सरांनी थोरलीला विचारलं, “तुम्ही तुमच्या बायांना वाचून दाखवलं होतंत?”

“छापून झाल्यावर कोण दाखवतं, सर?”

अभ्यास धाकटीला मिळाला.

जिन्यात धाकटी म्हणाली, “चूक दिसली होती तर घरीच सांगायचं ना.”

“मग माझ्या हातात काय उरलं असतं?”

“ती बाई तुम्हाला माहीत होती, संगणकाला नाही. या ना माझ्या गटात.”

“तुझ्या हाताखाली? त्यापेक्षा घरी बसेन.”

थोरली तरातरा पुढं गेली. खालच्या पायरीवर मात्र थांबली.

“वयानं मी मोठी आहे. अहवालावर माझं नाव वर येईल?”