दाखवण्यापुरतं नख

मुलगी बघायला आलेल्या बायका चहाचा कप हातात घेताना कपाकडे बघत नसत, कप देणाऱ्या बोटांकडे बघत. म्हणून माझ्या मोठ्या बहिणीच्या, ताईच्या, उजव्या हाताच्या अंगठ्याजवळच्या बोटाचं नख गेलं तेव्हा आईला बोटाआधी लग्नाची काळजी लागली.

नख गेलं ते ट्रंकेच्या झाकणाखाली. नवं राज्य झालं होतं, राजधानी भोपाळला गेली होती आणि दादांची, म्हणजे आमच्या वडिलांची, कचेरीही तिकडे हलणार होती. उज्जैनच्या मराठी घरांत आम्हाला सगळे ओळखत. भोपाळात कोण विचारणार? तेव्हा जायच्या आधी ताईचं उरकायचं, असं ठरलं. नवं नख पूर्ण यायला पाच-सहा महिने लागतात. तेवढा वेळ कुणाजवळ होता? पहिल्याच स्थळाच्या मावशीनं ते अर्धवट, खडबडीत नख बघून विचारलं, "काही रोग तर नाही ना?" ते लोक परत फिरकले नाहीत.

युक्ती माझी. मी तेव्हा तेरा वर्षांची होते आणि दीडशहाणी होते. गणपतीतल्या नाटकांत सगळ्यांची तोंडं रंगवणारे एक काका होते. त्यांचा फ्रीगंजमध्ये फोटोचा स्टुडिओ होता आणि राक्षसिणीची नखं ते जुन्या फिल्मच्या तुकड्यांतून कापत. आईला कसंबसं राजी करून मी ताईला त्यांच्याकडे घेऊन गेले.

काकांनी काम मन लावून केलं. जाड फिल्म बाजूला ठेवून पातळ निवडली, गरम पाण्यात घासून काचेसारखी साफ केली. तुकडा नखापेक्षा किंचित लहानच कापला. कड कातडीत रुतता कामा नये, म्हणाले. मग कडा कानशीनं घासल्या, वरून फिकट गुलाबी रंग दिला आणि मिशा चिकटवायच्या डिंकानं तो बसवला. ताई बोट उलटसुलट करून बघत राहिली. खूप दिवसांनी ती हसली होती.

"बेटा, ही फक्त दाखवायची चीज आहे," काका म्हणाले. "पाहुणे गेले की लगेच स्पिरिटनं काढायची. बोट धुवायचं, पूर्ण सुकवायचं. ओल्यावर लावायचं नाही. चुलीजवळ न्यायचं नाही, फिल्म भडकते. आणि जरा जरी दुखलं, तर समज, खेळ खतम."

पुढच्या स्थळाचे पाहुणे आले आणि ताई पसंत पडली. इथपर्यंत सगळं छान झालं. पण मुलाची आई परत गेलीच नाही. आमच्याच गल्लीत तिच्या बहिणीचं घर होतं. आता आलेच आहे तर आठ दिवस महाकालाचं दर्शन घेते, म्हणाली. सकाळी देवळातून परतताना ती आमच्याकडे डोकावायची, दुपारी गप्पा मारायला यायची, संध्याकाळी प्रसाद घेऊन यायची. वेळेचा काही भरवसा नाही. आईनं ताईला चुलीपासून लांब ठेवलं, पण भांडी आणि कणीक तिच्याकडेच राहिली. दिवसा नख काढणार कधी? रात्री ती काढते, असं आईला वाटायचं; पण सकाळी परत नीट बसलं नाही तर, या भीतीनं ताई ते तसंच ठेवायची.

तिसऱ्या दिवशी मागच्या अंगणात ताई मला म्हणाली, "ठणकतंय गं. काढून टाकू का?"

मी म्हणाले, "वेडी आहेस का? त्या केव्हाही टपकतील. थोडं सहन कर ना, बस चार-पाच दिवस."

तिनं ऐकलं. ती माझ्याहून सात वर्षांनी मोठी होती आणि तिनं माझं ऐकलं. पाचव्या दिवशी ती डाव्या हातानं जेवली. बोट भाजलंय, असं तिनं आईला सांगितलं. आठव्या दिवशी पाहुणी गाडीत बसली आणि ताई तापानं फणफणून आडवी झाली. नख ओढलं तसा खालून पू आला. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, हाडापर्यंत गेलंय. बोटाचं वरचं पेर कापावं लागलं.

ताई शुद्धीवर आल्यावर आईनं तिला विचारलं, "काढायचं सांगितलं होतं ना? मग ठेवलंस कशाला?"

मी खाटेच्या पायथ्याशी उभी होते. ताईनं माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "मीच विसरले." आई रडत रडत तिलाच बोलत राहिली, आणि मी पेजेची वाटी हातात धरून गप्प राहिले.

दादांनी मुलाकडे सगळं खरं कळवलं. उत्तर सभ्य होतं. नख गेलेलं आम्ही चालवून घेतलं असतं, लपवलेलं चालवून घेता येत नाही. त्या पत्राचा मला फार राग आला होता. आता येत नाही.

भोपाळला गेल्यावर आणखी दोन-तीन स्थळं आली. ती बोटावरूनच फिरली. ताईनं मास्तरकी धरली, अंगठा आणि मधल्या बोटात खडू धरून तीस वर्षं शिकवलं. माझं लग्न झालं, मुलं झाली. घरात कधी विषय निघाला की, ताई जरा विसरभोळीच, असंच सगळे म्हणत. आईही जाईपर्यंत तेच म्हणत होती. मी एकदाही तोंड उघडलं नाही.

ताई शेवटच्या आजारात माझ्याकडे होती. एका दुपारी तिची नखं कापताना मी त्या आखूड बोटापाशी थांबले आणि मला राहवलं नाही. विचारलं, "तेव्हा तू माझं नाव का नाही घेतलंस?"

ती अगदी साध्या आवाजात म्हणाली, "मला वाटलं, तू आपणहून सांगशील. दोन-तीन वर्षं तुझा रस्ता बघितला. मग सोडून दिलं."