कच्चा सोबा आणि एका पायातली स्लिपर

"वाळलेल्या बियांतून जीन मिळणार नाही, कच्च्या आणा," असं प्रोफेसरांनी सांगितलं आणि माझी किसोच्या डोंगराळ भागातली सहल ठरली. त्या शनिवारी खरं तर मी तोक्योला, हिगाशी-कसाईला जाणार होते. माझी पुण्याची मैत्रीण मंजिरी तिथे राहते. नवरा आयटीत, बिल्डिंगमधल्या लेटरबॉक्सवर निम्मी नावं आपलीच. वर्षभर ती बोलावत होती आणि मी टाळत होते. जीन मिळाला की येते, हे माझं ठरलेलं उत्तर होतं. खरं कारण वेगळंच होतं. तिच्या भरल्या घरातून नागोयाच्या माझ्या खोलीत परत यायची मला भीती वाटायची.

काम काय करतेस, असं वाचणारे विचारतातच, म्हणून थोडक्यात सांगते. सोबा म्हणजे आपल्याकडे उत्तरेत उपासाला खातात तो कुट्टू. त्याच्या बीमध्ये एक प्रथिन असतं. ते थायमिन, म्हणजे बी-वन जीवनसत्त्व, धरून ठेवतं आणि बी रुजायला लागली की सोडून देतं. असली प्रथिनं जिवाणूंत असतात, कोंबडीच्या अंड्यातही असतात. आमच्या हातात प्रथिन होतं, पण ते बनवणारा जीन सापडत नव्हता. दाणा भरत असतो तेव्हाच तो जीन कामाला लागलेला असतो. म्हणून दाणा कच्चाच खुडायचा आणि जागच्या जागी गोठवायचा.

थर्माकोलच्या खोक्यात ड्राय आइस भरून मी नागोयाहून साध्या गाडीने निघाले. एक्सप्रेसने गेलात तर वेळ निम्मा लागतो, पण तिकीट बरंच महाग. नाकात्सुगावाला गाडी बदलावी लागते. सप्टेंबरात गेलात तर तिथे चेस्टनटची मिठाई नक्की घ्या, शुद्ध शाकाहारी आहे. (ड्राय आइस नेणार असाल तर झाकण घट्ट लावू नका.) खोका शेजारच्या सीटवर ठेवला होता. एका आजोबांनी त्यात मासे आहेत का असं विचारलं. दिवसभरात माझ्याशी बोललेलं ते पहिलं माणूस, म्हणून मी त्यांना थायमिनपासून सगळं सांगायला घेतलं. ते बिचारे पुढच्याच स्टेशनला उतरले.

किसो-फुकुशिमाहून वर पठारावर जायला बस आहे, पण मोजक्याच फेऱ्या, तेव्हा परतीची वेळ आधी बघून ठेवा. वर थंडी होती, समोर ओन्ताके डोंगर आणि खाली फुलांनी पांढरी झालेली सोब्याची शेतं. मुक्काम हारा-सानच्या घरगुती खानावळीत. सत्तरीच्या बाई, एकट्याच राहतात, शेतही त्यांचंच. रात्री त्यांनी स्वतः लाटून कापलेला सोबा, म्हणजे त्याच पिठाच्या शेवया, वाढल्या. बुडवायच्या रश्शात मासळी असते, म्हणून मी नुसता सोया सॉस मागितला. शेवटी सोबा उकडलेलं गरम पाणी प्यायला देतात, आपल्याकडच्या पेजेसारखं. मी एकदम तीन वाट्या प्यायले. घरी काय खाता, असं त्यांनी विचारलं. भात आणि लोणचं, मी म्हटलं. त्या खूश झाल्या. म्हणाल्या, म्हणजे तुम्ही पक्क्या जपानी.

जिना चढून खोलीत आले, तर मागोमाग त्या हातात माझी एक स्लिपर घेऊन हजर.

"इंडियात एकाच पायात घालतात का?"

दोघी हसलो. स्लिपर पायातून कधी निसटली, मला कळलंच नव्हतं. काही महिने पायांना मुंग्या येत होत्या, पण मी तो दोष बुटांना देत होते.

सकाळी दव असतानाच दाणे खुडले, हिरवे, नखाने दाबले तर दुधाळ. ते लगेच ड्राय आइसमध्ये टाकले. हारा-सान बस दिसेनाशी होईपर्यंत हात हलवत उभ्या होत्या. पुन्हा या, असं त्या म्हणाल्या नाहीत, आणि त्याचं मला उगाच वाईट वाटलं.

परतीच्या गाडीत बूट काढले आणि पाय हाताने चाचपले. घोट्यापर्यंत बधिर. मग ती स्लिपर आठवली. पॉलिशच्या पांढऱ्या तांदळावर जगणाऱ्या या देशात एके काळी बेरीबेरीने, म्हणजे थायमिन कमी पडून होणाऱ्या आजाराने, किती माणसं गेली, हे मी स्वतःच्या प्रबंधात लिहिलं होतं. आधी मुंग्या, मग बधिरपणा. तो आजार ओळखायला शाळेत मुलांच्या गुडघ्याखाली मारून पाय उडतो का हे बघत, तेही लिहिलं होतं. डब्यात कोणी बघत नाही असं पाहून मी पायावर पाय टाकला आणि तळहाताच्या कडेने मारलं. पाय हलला नाही.

पुण्याहून आणलेल्या डाळी कधीच संपल्या होत्या. एकटीसाठी काय शिजवायचं, म्हणून रोज पांढरा भात, तोही आईच्या शिस्तीप्रमाणे पाणी नितळ होईपर्यंत धुतलेला, वर लोणचं आणि दिवसभर चहा. थायमिन कोण कसं धरून ठेवतं हे आयुष्यभर शोधणाऱ्या बाईच्या अंगातच थायमिन नव्हतं. मला हसू आलं, आणि मग बराच वेळ रडू थांबेना.

नाकात्सुगावाच्या फलाटावरून मंजिरीला फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"वर्षभर एकटी नुसता भात खात बसलीस? आणि मी समजत होते, तुला आम्ही नकोसे झालो."

"नकोसे नाही गं. तुमच्याकडून परत यायला नको वाटतं."

"मग शनिवारी आलीस की रविवारी परत जाऊ नकोस, सोमवारी जा. तो खोका फ्रीजरमध्ये टाक, डॉक्टरला दाखव आणि ये."

खोका लॅबच्या फ्रीजरमध्ये गेला, मी डॉक्टरकडे. ते शाळेतल्या मास्तरांसारखे रागावले आणि त्यांनी इंजेक्शनं दिली. त्याच आठवड्याच्या शनिवारी हिगाशी-कसाईला गेले. मंजिरीची पाच वर्षांची इरा मराठीत विचारलेल्या प्रश्नांना जपानीत उत्तरं देते. गुडघ्याचा खेळ तिला फार आवडला. ती मारायची, पाय ढिम्म, की म्हणायची, "मो इक्काई." म्हणजे पुन्हा एकदा. सोमवारी निघताना मंजिरीने बॅगेत तूरडाळ कोंबली.

हिवाळ्यात जीन मिळाला. लॅबमध्ये टाळ्या वाजल्या, मग सगळे आपापल्या टेबलाकडे वळले. माझी खोली आहे तशीच आहे, आणि दार उघडायला अजूनही नको वाटतं. पण आता डाळीचा कुकर लागतो. परवा जेवण झाल्यावर सवयीने गुडघ्याखाली मारलं आणि पाय उडाला. बघायला कोणीच नव्हतं, म्हणून मंजिरीला फोन केला. फोन इराने घेतला. पाय उडाला, मी म्हटलं.

"मो इक्काई," ती म्हणाली.

मी फोन कानाला लावून पुन्हा मारलं.