ढोबळे दीदींचा एक आठवडा

बंदुकीचा परवाना मागायला कुणी आलं की ढोबळे दीदी अर्ज हातात घेण्याआधी विचारायच्या, "घर में सबसे ज्यादा गुस्सा किसको आता है?" अर्जात असा रकाना नव्हता. माणूस गडबडायचा. कुणी हसून बायकोचं नाव सांगायचा. सिहोऱ्याकडचा एक धान्याचा व्यापारी मात्र छाती काढून म्हणाला, "मुझको ही, और किसको!" दीदींनी त्याला पाणी दिलं आणि त्याचा अर्ज त्याच्याच पुढ्यात सरकवला. "घर जाइए भैया. सोचकर आइए."

जबलपूरच्या जिल्हा कचेरीत शस्त्र शाखेत मी त्यांच्या हाताखाली चार वर्षं काम केलं. ठेंगण्या, सुती साडीतल्या, केसांत पांढरी बट. फॅक्टरीत तोफांच्या गाड्या बनवणाऱ्या फिटरची मुलगी. बंदुकीच्या नुसत्या नावानं मला कापरं भरायचं, तर त्या म्हणायच्या, "बंदुकीला काहून भितेस? तिला काही कळते काय? माणसाकडं पाह्य."

निवडणूक जाहीर झाली की परवान्याच्या सगळ्या बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागतात. त्या वर्षी विधानसभेची आचारसंहिता लागली आणि सवलत मागणाऱ्यांची रांग लागली. रांगेत दीदींचे सख्खे मोठे भाऊ होते. फौजेतून निवृत्त झालेले, छावणीतल्या सदर बाजारात राहणारे, ताठ मिशांचे. "कुमुद, माझी बंदूक घरीच राहू दे. मी काय गुंड आहे?"

"नाही दादा. म्हणून पहिली तुझी जमा होईल. मग दुसऱ्यांना सांगताना माझा आवाज नाही फाटणार."

दादा रागानं निघून गेले. पण संध्याकाळच्या आत त्यांनी ठाण्याची पावती आणून टेबलावर आपटली. पुढं दोन महिने ते बहिणीशी बोलले नाहीत.

त्या निवडणुकीत आमच्याकडच्या एका मतदारसंघात अशी चुरस झाली की मतमोजणी तीनदा करावी लागली. शेवटी हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्या मतांनी एक उमेदवार निवडून आला. हरलेल्यांना वाटलं, आपल्याला फसवलं. जिंकलेल्यांना वाटलं, आपला विजय हिसकावून घेतील. गावागावात माणसं गट करून उभी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी कार्यालय उघडून दीडेक तास झाला होता, तेव्हा वीस-पंचवीस माणसं आमच्या खोलीत शिरली. पुढं गळ्यात झेंडूचे हार घातलेले नवे आमदार. दुपारी मिरवणूक होती आणि त्यांना आपल्या माणसांच्या बंदुका हव्या होत्या. आमच्या शाखेचं पत्र गेल्याशिवाय ठाणं बंदूक सोडत नसे.

"दीदी, बस एक चिट्ठी लिख दो. हमारे लड़कों की जान को खतरा है."

दीदींनी आमदारांना खुर्ची दिली. "विधायकजी, बधाई हो. आदेश में लिखा है, नतीजे के एक हफ्ते बाद. आज पहला दिन है."

"कलेक्टर साहब से बात करूँ?"

"जरूर कीजिए. फोन मिला दूँ? उनसे भी यही कहूँगी."

मागून कुणीतरी टेबलावर मूठ आपटली. माझ्या हातातली फाईल पडली. दीदींनी त्या माणसाकडं बघितलंसुद्धा नाही. त्यांनी रजिस्टर उघडलं आणि आमदारांकडं फिरवलं.

"ये आपके लोगों के नाम. और ये सामनेवालों के. वे लोग घंटाभर पहले आए थे, यही चिट्ठी माँगने. उनको भी मना किया है. आपकी निकलेंगी तो उनकी भी निकलेंगी, आज ही, एक साथ. आप बोलिए, दोनों चिट्ठियाँ बना दूँ?"

आमदारांनी ती दोन पानं वाचली. बराच वेळ वाचली. मग गळ्यातला एक हार काढून त्यांनी मांडीवर ठेवला आणि हळूच म्हणाले, "रहने दो."

या सगळ्यात दीदींनी आवाज चढवला नव्हता, त्या उठूनही उभ्या राहिल्या नव्हत्या.

दुपारी मिरवणूक हरलेल्यांच्या मोहल्ल्यातून गेली आणि व्हायचं तेच झालं. दगड चालले, काठ्या चालल्या. ठाणेदारांचा फोन आला. डोकी फुटली होती, टाके पडले होते, पण जीव एकाचाही गेला नव्हता. दीदींनी फोन ठेवला आणि म्हणाल्या, "चलो. डबा काढ, सुषमा."

महिन्याभरात त्यांची बदली कुंडमला झाली. आदेशात कारण नव्हतं. निवृत्तीला दीड वर्ष उरलं असताना त्या रोज सकाळी बस धरून जंगलातल्या त्या रस्त्यानं जाऊ लागल्या. त्यांचं टेबल माझ्याकडं आलं. पाठोपाठ आमदारांच्या शिफारशीची यादी आली. नव्या परवान्यांची.

तेव्हा मटाराचा हंगाम होता. एक बाई डोक्यावर मटाराचं पोतं घेऊन शाखेच्या दारात उभी राहिली आणि दीदींना शोधू लागली. तिचा नवरा मिरवणुकीत पुढं होता. कपाळाला नऊ टाके. "उस दिन किसी की भी बंदूक हाथ लगती तो चला देते," ती म्हणाली, "आज जेल में होते." मग आवाज खाली आणून, "अब अपनी बंदूक की अर्जी दी है. मत देना, मैडम. मेरा नाम मत लिखना, पर मत देना."

दीदी कुंडमला आहेत म्हटल्यावर तिनं बस कुठून मिळते ते विचारलं आणि पोतं उचलून निघाली.

मी यादीतली तिच्या नवऱ्याची फाईल काढली. दुपारपर्यंत ती नुसती समोर पडून होती. मग ठाण्याचा अहवाल जोडून लिहिलं, "अर्जदार दंगे में शामिल था. लाइसेंस देना उचित नहीं." आणि खाली सही केली.

संध्याकाळी दीदींचा फोन आला. "अगं, ती बाई पोचली. मटार सोलून राहिलो आम्ही दोघी. तू काय केलं?"

मी सांगितलं. मग राहवलं नाही म्हणून हेही सांगितलं, की सही करताना हात इतका कापत होता, की अक्षर लागत नाही.

पलीकडं त्या हसल्या.

"माझ्या जुन्या फायली काढून पाह्य एकदा," त्या म्हणाल्या. "एक तरी सही सरळ दिसते काय?"