चुन्याऐवजी भुकटी

धुण्याच्या पावडरच्या पुड्यावर ‘एन्झाइम’ हा शब्द वाचला की मला पारोळ्याजवळच्या एका गावातलं चामडं कमावण्याचं आवार आठवतं, तिथला बाभळीच्या सालीचा तुरट वास आणि वैशाखाचं ऊन. मी सरकारी प्रशिक्षण घेऊन नुकताच तिथे शिकवायला गेलो होतो. कातडीचे केस काढायला चुना वापरत. त्यानं तिथे कातडी कमावणाऱ्या आबांच्या बायकोची, अक्काची, बोटं फाटून रक्ताळलेली असत. ‘ही एन्झाइमची भुकटी पाण्यात टाका, चुना नकोच,’ असं मी त्यांना पटवलं. मोटेसाठी राखलेली दोन चांगली कातडी आबांनी विश्वासानं माझ्या हाती दिली. सकाळी अंगणातल्या टाकीत भिजवली, दुपारी केस सहज सुटू लागले. ‘हातले आग व्हत नही!’ म्हणत अक्का हसली. पण पुस्तकात संध्याकाळपर्यंतची वेळ दिली होती, म्हणून मी कातडी तशीच ठेवली. संध्याकाळी उचलायला गेलो तर बोटं आरपार गेली. भुकटी धुऊन निघावी म्हणून मी घागरींमागून घागरी गार पाणी ओतत राहिलो, कातडी विरतच राहिली. ‘ऱ्हाऊ दे भाऊ, बठ्ठं गयं,’ आबा हळूच म्हणाले. खरंच सगळं गेलं होतं. अक्कानं चुन्याचं घमेलं पुढे ओढलं. उन्हानं पाणी तापलं आणि भुकटीचा जोर वाढला, टाकीवर नुसती सावली पुरली असती, हे मला फार उशिरा कळलं. आता मोठे कारखाने याच रीतीनं केस काढतात म्हणे. हे मी कुणाला जाऊन सांगू?