मांजराचं वाक्य

डॉक्टरांनी दोन्ही हातांना पट्टा बांधून पाहिला, कानातली नळी काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "मनोहरभाऊ, हे हायपरटेन्शन आहे. म्हणजे रक्तदाब कायमचा वाढलेला. त्यात वजन हे असं. डोकं कधीपासून दुखतं?"

"कंपनीच्या मालकाले भेटलो का दुखते," भाऊ म्हणाला.

डॉक्टर हसले नाहीत. माझ्या मोठ्या भावाच्या विनोदावर कोणी न हसल्याचा हा मी पाहिलेला पहिलाच प्रसंग.

भाऊ झाडीपट्टीच्या नाटकांत विनोदी कामं करतो. धान घरी आलं की दिवाळीपासून होळीपर्यंत आमच्याकडे गावोगाव रात्रभर नाटकं चालतात. त्यातला त्याचा कंजूस पाटील नागभीडपासून कुरखेड्यापर्यंत सगळ्यांना माहीत आहे. आधी पोट प्रवेश करतं, मागून पाटील येतो. मी त्याच नाटक कंपनीत प्रॉम्प्टर. विंगेत बसून नटांना हळू आवाजात वाक्यं पुरवतो. जन्मभर कुजबुजत आल्यामुळे मोठ्यानं बोलणाऱ्यांबद्दल मला थोडा संशय असतो.

डॉक्टरांनी रोजची एक गोळी लिहून दिली, मीठ आणि वजन कमी करायला सांगितलं. निघताना म्हणाले, "बरं वाटलं म्हणून गोळी बंद करायची नाही. बरं वाटतं ते तिच्यामुळेच."

वजनाचं काम नागपूरच्या पुतणीनं हाती घेतलं. तिनं भावाला एका ऑनलाइन जीवनशैली कार्यक्रमात घातलं. रोज सकाळी मोबाइल तांदळाच्या डब्याला टेकवायचा आणि त्यात दिसणाऱ्या कोचबाईंचं भाताविरुद्धचं भाषण ऐकायचं. "चला, चॅम्पियन्स!" अशी त्यांची सुरुवात. त्या समोर लावलेलं वाचून बोलतात हे मी पहिल्याच दिवशी ओळखलं. डोळे डावीकडून उजवीकडे जात होते. माझा त्याला आक्षेप नाही, माझं पोट त्यावरच चालतं. फक्त शेवटचं "औषधांतले बदल डॉक्टरांच्या सल्ल्यानेच" हे वाक्य त्या इतक्या झपाट्यानं म्हणत की आमच्या कंपनीत असतं तर मी त्यांना पुन्हा म्हणायला लावलं असतं.

एकदा ॲव्होकॅडो खा म्हणाल्या. वैनी चुलीपासूनच म्हणाली, "हे कोनतं फळ व्हय? बाजारात पुसतो, पण नाव त एकडाव नीट सांगा म्हना."

मग तिनंच त्या आहाराचं आमच्या घरचं रूप केलं. भात अर्धा, अंबाडीची भाजी दुप्पट, खारवलेली मासोळी बंद, लोणच्याची बरणी वरच्या फळीवर. भाऊ तळ्याच्या पाळीवर फिरू लागला, पण पुरतं उजाडल्यावरच. आमच्या जंगलातल्या वाघाला कोचबाईंचं वेळापत्रक माहीत नव्हतं. आणि वजन खरंच उतरलं. हे मी प्रामाणिकपणे सांगतो. कार्यक्रम खोटा नव्हता, त्याचा थाट मोठा होता.

पंचाईत मालकाची झाली. "पोटच गेलं त पाटील कसा चालन बे? उशी बांध." त्या हंगामात भावानं सदऱ्याखाली उशी बांधली. लोक उशीलाही तेवढंच हसले.

त्याच सुमारास कार्यक्रमातर्फे ऑनलाइन सत्कार झाला. तुतारी वाजली, पडद्यावर फुलं पडली, भावाचं नाव 'औषधमुक्तीच्या वाटेवरचे वीर' या मथळ्याखाली झळकलं. घरच्या यंत्रावर मोजून मोबाइलमध्ये भरलेला त्याचा रक्तदाब हिरव्या रंगात, म्हणजे ठीक होता. त्यानं ती वाट त्याच दिवशी संपवली. डॉक्टरांना विचारलं नाही, गोळ्यांचं पाकीट देवळीत ठेवून दिलं.

वैनी भडकली. "मोबाइलवाल्या बाईनं सांगतलं त भात सोडला, आता गोळी सोडली. उद्या ते म्हनन बायको सोडा, त सोडान काय?"

"तुह्यासाठी डॉक्टरले पुसीन," भाऊ म्हणाला. ती हसली, आणि विषय तिथेच राहिला.

नंतर एका गावी, दुसऱ्या अंकात, पाटलाचं हमखास हशा घेणारं वाक्य आलं: "पावना आला का माह्या घरचं मांजर बी उपाशी झोपते." भाऊ "पावना" म्हणाला आणि थांबला. मी वाक्य पुरवलं. त्याच्या तोंडून जे निघालं त्यात शब्द एकमेकांत कालवलेले होते. ओठाची एक बाजू खाली आली होती. हातातली काठी पडली.

मंडप हसून लोटपोट झाला. हंगामातला सगळ्यात मोठा हशा तो. पाटील प्यायलेला आहे असं त्यांना वाटलं. पुस्तक माझ्या हातात होतं. त्यात पाटील पीत नाही.

मी मोठ्यानं ओरडलो, "पडदा टाका!"

चंद्रपूरच्या दवाखान्यात पोचेपर्यंत त्याचं बोलणं बरंचसं परत आलं होतं. सीटी स्कॅन झाला, मग मानेच्या रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी. बाहेरच्या बाकावर वैनी ती उशी मांडीवर घेऊन बसली होती. कोणी विचारलं तर सांगायची, "ह्यायचं पोट आहे हे."

तिथले डॉक्टर म्हणाले, "टीआयए. ट्रान्झिएंट इस्केमिक अटॅक. मेंदूच्या एका भागाचं रक्त थोडा वेळ अडलं, मग सुरू झालं. हा लकव्याचा इशारा असतो. सगळ्यांना इशारा मिळत नाही." भावानं सत्काराचं, मोबाइलवर आलेलं प्रमाणपत्र दाखवलं. त्यांनी ते पूर्ण वाचलं, परत दिलं. "छान आहे. गोळी कुठे आहे?"

ज्यांच्या घरी असा कार्यक्रम सुरू आहे त्यांनी तो जरूर करावा. भात अर्धा करावा, चालावं, सत्कारही घ्यावा. गोळीचं मात्र डॉक्टरांनाच विचारावं. आणि बोलणं अडखळलं, ओठ वाकडा झाला, हात उचलेना, तर आपोआप बरं होईल म्हणून वाट पाहू नये, लगेच दवाखाना गाठावा. आमचं निभावलं. पुन्हा निभावेल असं डॉक्टर म्हणत नाहीत, आम्हीही समजत नाही.

डॉक्टरांच्या परवानगीनं यंदा भाऊ मोजकेच प्रयोग करतो. गोळी वैनी स्वतः हातावर ठेवते. प्रवेशाआधी तो माझ्यासमोर उभा राहून दोन्ही हात पुढे धरतो, दात दाखवतो. मी बॅटरीच्या उजेडात पाहतो. "झाली का तपासनी, डॉक्टरसाहेब?" म्हणत तो उशी सारखी करतो आणि आत जातो.

दुसरा अंक येतो. बाकी सगळ्या नाटकाची वाक्यं मी त्याला पुरवतो. मांजराचं वाक्य आलं की पुस्तकावर बोट ठेवून गप्प राहतो आणि ऐकतो.