समुद्रकाठचं कुलूप

आमच्या अंथुर्णे गावातून पहाटे निघालो तेव्हा गाडीत तंबू, सतरंज्या, स्टोव्ह, शिधा आणि आत्या होत्या. आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात. साठी ओलांडलेल्या आत्यांनी उजनी धरणाचं अफाट पाणी पाहिलं होतं, समुद्र मात्र पाहिला नव्हता. माझा नवरा विलास लोणी देवकरच्या एका कारखान्यात आहे. त्याला जोडून सुट्टी मिळाली, मी बारामतीत शिकवते ती शाळाही बंद होती. लॉज नको, किनाऱ्यावरच्या सार्वजनिक मैदानात आपला तंबू ठोकून राहायचं, हा हट्ट माझा.

फलटण, सातारा मागे टाकून आम्ही कुंभार्ली घाट उतरलो. तांबडी माती दिसू लागली तशी आत्यांनी काच खाली केली. म्हणाल्या, "हितली माती भाजून काढल्यावानी हाय." वाटेत त्यांनी चटणी-भाकरी खाल्ली, पण पाण्याची बाटली पुढे केली की हात आडवा. प्रवासात पाणी प्यायचं नाही, म्हणजे जायची वेळ येत नाही, हा त्यांचा जुना शिरस्ता. मी चिडले. मग एका पेट्रोल पंपावर थांबलो. तिथल्या बायकांच्या शौचालयाला दारच नव्हतं. पुढे मी आग्रह करायचं सोडून दिलं.

किनाऱ्यावरच्या त्या गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. एका गावाला बोल लावून बाकीच्यांची सुटका करायची माझी इच्छा नाही. सुरूच्या झाडांतून गाडी पुढे गेली आणि एकदम पुळण (समुद्रकाठची वाळू) लागली. आत्या उतरल्या. डोक्यावरचा पदर वाऱ्यानं उडाला, तो त्यांनी सावरलाच नाही. समोर बघत म्हणाल्या, "ह्याला पल्याड न्हायच व्हय?"

मैदान छान होतं. सावली दाट, चार-सहा तंबू आधीच लागलेले. फाटकावरच्या पाटीवर पिण्याचं पाणी, दिवाबत्ती, महिला व पुरुषांसाठी स्वतंत्र शौचालय असं ठळक रंगवलेलं. पावती फाडून आम्ही तंबू उभा केला. सुरूच्या मुळांत खुंट्या ठोकताना विलासच्या अंगठ्यावर दगड बसला, तेवढंच.

आत्यांनी मला हळूच खूण केली. आम्ही दोघी मागच्या बाजूला गेलो. 'पुरुष' उघडं होतं. 'महिला'च्या दाराला हे भलंमोठं कुलूप.

रखवालदार खुर्चीत बसून मोबाईल बघत होता. किल्ली मैदानाच्या ठेकेदाराकडे असते म्हणाला. पाण्यात खेळायच्या बोटी चालवणाऱ्याचं सामान आत आहे, लाइफ जॅकेटं, दोर, हवा भरायचा पंप. बायका आल्या तर त्यांनी काय करायचं, असं मी विचारलं. मान वर न करता तो म्हणाला, "मागं झाडी आहे. सगळ्या तिकडंच जातात."

माझ्या तोंडाशी शब्द आले होते, पण आत्याच बोलल्या. आवाज चढवला नाही. "आमच्या गावात झाडीत जायाचं आमी बंद करून लई वरसं झाली. त्येच्यासाठी घरात भांडले मी. आता पावती फाडून हितं जाऊ व्हय?"

विलास म्हणाला, पुरुषांच्या बाजूला जा, मी दाराशी उभा राहतो. आत्या मान हलवून तंबूकडे परत फिरल्या.

ऊन उतरायला लागल्यावर आम्ही पुळणीवर गेलो. ओहोटी होती, पाणी दूर. ओल्या वाळूत थोडं चाललो आणि आत्यांचा माझ्या हातावरचा भार वाढला. पाहते तो ओठ पांढरे, डोळे अर्धे मिटलेले. त्या खालीच बसल्या. शेजारच्या तंबूतली सोलापूरची एक बाई, सरकारी दवाखान्यात नर्स होती, ती धावत आली. नाडी बघून म्हणाली, पाणी कमी पडलंय, लगेच साखर-मीठ घालून द्या. मी पेला तोंडाशी नेला. आत्यांनी तोंड फिरवलं.

"आदी कुलूप काढ," एवढंच म्हणाल्या.

ते ऐकून माझ्या रागाचं काय झालं ते सांगता येत नाही. जन्मात पहिल्यांदा समुद्राकाठी आलेली बाई, समोर सूर्य बुडतोय, आणि तिला घोटभर पाणी प्यायची भीती वाटते. कुणाच्या लाइफ जॅकेटांना निवारा हवा म्हणून!

आत्यांजवळ विलासला बसवून मी परत फिरले. नर्सबाई बरोबर आल्या. वाटेतल्या तंबूंतून आणखी बायका आल्या. त्यांना काही समजावावं लागलं नाही. सकाळपासून त्याही पाणी मोजूनच पीत होत्या. इतक्या जणी पाहून रखवालदारानं फोन लावला. थोड्या वेळानं ठेकेदार मोटारसायकलवर आला. आधी हसला. बायका इथं फारशा येत नाहीत, म्हणून खोली वापरात घेतली, असं त्याचं म्हणणं. मी म्हटलं, "आलोय ना? उघडा. नाहीतर कडी-कोयंडा आम्ही काढतो, आणि का काढला ते गावात सांगतो."

त्यानं उघडलं. आम्हीच जॅकेटं बाहेर वाळूत रचली. आतल्या नळाला पाणी नव्हतं. बादल्या पुरुषांच्या बाजूनं भरून आणल्या, तेव्हा तिथले दोघे गृहस्थ ओशाळून मदतीला आले. मग मी आणि विलासनं आत्यांना धरून आणलं. बाहेर आल्यावर त्या पायरीवर टेकल्या आणि तांब्याभर पाणी एका दमात प्यायल्या. नर्सबाईंनी घोट घोट घ्या म्हणून सांगितलं, ते त्यांनी ऐकलं नाही.

सकाळी त्यांना बरं वाटत होतं. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचून पाण्यात उभ्या राहिल्या, लाट आली की मागे सरायच्या आणि हसायच्या. परत आलो तर दाराला पुन्हा कुलूप, जॅकेटं आत. ठेकेदारांनी सांगितलं, एवढंच रखवालदाराचं उत्तर. पाटीवरच्या तक्रारीच्या नंबरावर मी फोन लावत राहिले. कुणी उचलला नाही. विलास म्हणाला, आपण निघालोच आहोत, सोड. मी घाट चढेपर्यंत त्याच्याशी बोलले नाही.

निघताना फाटकात नगरकडची एक गाडी शिरत होती. पुढे बसलेल्या तरुण बाईच्या हातात पाण्याची बाटली होती. आत्यांनी काच खाली करून तिला सांगितलं, "आदी किल्ली माग, मग तंबू लाव. एकटी मागू नको, समद्या मिळून मागा."

अंथुर्ण्यात पोचलो तेव्हा शेजारच्या बायका अंगणात जमल्या. समुद्र कसा हाय, असं शांताकाकूंनी विचारलं. आत्यांनी कुलपापासून सुरुवात केली. त्यांचं संपतं न संपतं तोच काकूंनी एसटी स्टँडवरचा अनुभव सांगितला, दुसरीनं तालुक्याच्या कचेरीतला, तिसरीनं लेकीच्या लग्नाच्या कार्यालयातला. चहा झाला, कप विसळले, सगळ्या उठून गेल्या. समुद्राबद्दल कुणी पुन्हा विचारलंच नाही. आत्यांना सांगण्यासारखं किती होतं, लाट, वाळू, पायाखालून सरकणारं पाणी. त्या ओट्याबाहेर उभ्या होत्या, हातात झाडू घेऊन. मला म्हणाल्या, "सांगायचं ऱ्हायलंच की गं."